गाऱ्हाण्यात नाव खयचा?

डायलिसिसवरच्या माणसाला कोकणात गावी न्यायचं तर सगळ्यात आधी शहाळ्याची धास्ती घ्या. किडन्या निकामी झाल्या की पोटॅशियम लघवीवाटे बाहेर पडत नाही. शहाळं, केळं, फणस यांत ते भरपूर असतं आणि रक्तात फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. आमच्या वाडीत मात्र आजाऱ्याला भेटायला येणारा रिकाम्या हातानं येत नाही, शहाळं घेऊनच येतो. बाबा पडले भिडस्त. एकाचं घेतलं, मग दुसऱ्याला नाही कसं म्हणायचं?

रात्री त्यांना तालुक्याच्या हॉस्पिटलात हलवावं लागलं. रेशनकार्डावर बाबांच्या नावाखाली एक मुलगी आणि काउंटरसमोर उभा दाढीवाला मी. "पेशंटच्या मुलीला बोलवा, सही तिची लागेल." ती मीच, हे सांगायला मला लाज नव्हती. पण काउंटरवरच्या गृहस्थाला माझ्या सांगण्यावर भरवसा नव्हता. तो खात्री करायला थेट बाबांकडे गेला. धाप लागलेल्या माणसाला ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून सांगावं लागलं, की हा माझाच मुलगा, आधी याचं नाव वेगळं होतं.

तेव्हा जन्मदाखल्यावर मुलगी आणि आता मुलगा म्हणून जगणाऱ्या माझ्यासारख्यांना माझं एकच सांगणं आहे: आपला खुलासा करण्याचं काम आजारी माणसावर येऊ देऊ नका. त्याच्याकडे तेवढा श्वास नसतो.

15 एप्रिल 2014च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं आपली ओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला, पण मध्यरात्री काउंटरवर निकाल कोण वाचणार? तिथं झेरॉक्स चालते. राजपत्रातली नावबदलाची नोंद, ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या 2019च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेलं प्रमाणपत्र, आधार आणि जुन्या नावाचा एखादा कागद, असा संच वडिलांच्या फायलीतच ठेवा. आपल्या बॅगेत नको, कारण धावपळीत फाईल हाताशी असते, बॅग घरी राहते. सरकारी आरोग्य योजनेसाठी बहुधा रेशनकार्ड विचारतात आणि नेमकी त्यातलीच दुरुस्ती रेंगाळते. शिवाय वडील धडधाकट बोलत असताना त्यांच्या सहीचं चार ओळींचं पत्र घेऊन ठेवा: हा माझा मुलगा, पूर्वीचं नाव अमुक, माझ्या उपचारांबाबत याच्याशी बोलावं. कायद्यानं त्याला फार वजन नसेल, पण समोरच्या कारकुनाला धीर येतो.

निघण्याआधीच फोन करून तिथली डायलिसिसची जागा पक्की करा. आठवड्यातून तीनदा लागणाऱ्या माणसाची एक खेपही चुकवून चालत नाही. एचआयव्ही आणि हेपाटायटिस बी-सीचे ताजे रिपोर्ट, मागच्या खेपेचा कागद, ड्राय वेट (अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन) हे सगळं तिथं मागतात. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचतात त्या हातावर दुसरी कुठली सुई किंवा बीपीचा पट्टा लावू द्यायचा नाही, हे बरोबरच्या प्रत्येकाला माहीत हवं. स्वतःचं टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन चिठ्ठीसकट न्या, गावच्या मेडिकलमध्ये मिळेल या भरवशावर राहू नका. आणि छाती सपाट करणारा बाइंडर घालून रात्रभर रेल्वेत झोपू नका. वडिलांना धरायला निघालेल्यानं स्वतःच्या बरगड्या दुखवून कसं भागेल?

आता गाव. "चेडू येवक नाय काय?" हा प्रश्न पायरीवरच येतो. आम्ही चुलतकाकांना आधीच फोनवर सगळं सांगितलं होतं. निम्म्या वाडीला त्यांनी ते परस्पर कळवलं, उरलेल्या निम्म्याला त्या निम्म्यानं. गाव कुजबुजलं, नाही असं नाही. पण प्रश्न बाबांपर्यंत येण्याआधी काका उत्तर देत. देवळात गाऱ्हाण्याच्या वेळी गुरवानं मलाच विचारलं, "नाव खयचा घेऊ?" मी सांगितलं, त्यानं घेतलं, आणि सगळे नेहमीसारखे 'व्हय म्हाराजा' म्हणाले. असा एक मध्यस्थ गाठा, शक्यतो वयानं मोठा आणि बोलका. समाजमाध्यमावर फोटो टाकून गावाला कळवणं हा मला तरी आळस वाटतो. शिवाय ज्यांना गावात मारहाणीची भीती आहे, त्यांनी जाऊच नये. वडिलांची इच्छा कितीही असली तरी.

जमिनीचा विषय निघतोच. "हिश्श्यासाठी झिल झालंस काय रे?" असं भावकीतल्या एकानं हसत विचारलं. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मजात हक्क दिला आहे, तेव्हा सातबाऱ्यासाठी दाढी वाढवण्याची कोणालाच गरज नाही. खोळंबा होतो तो नावं जुळत नाहीत म्हणून. बाबांनी मृत्युपत्र केलं, त्यात माझी दोन्ही नावं आणि राजपत्राची तारीख घातली. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला त्यात घेऊ नका. आमच्याकडे एक साक्षीदार तो गुरवच होता.