चित्रपट-परीक्षणातील तारांकन : अर्थ आणि वाचन

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला
• चित्रपटांना तारे देण्याची पद्धत कोठून आली, हे सांगता येईल.
• तारांकन, प्रमाणपत्र, पुरस्कार आणि तिकीटबारीवरील यश यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• सरासरी गुण आणि टक्केवारी यांचा नेमका अर्थ लावता येईल.
• केवळ ताऱ्यांवर न थांबता साधार परीक्षण लिहिता येईल.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, परीक्षण-लेखनाचा अभ्यास करताना परीक्षणाच्या माथ्यावर छापल्या जाणाऱ्या एका लहानशा चिन्हाचा विचार करणे आवश्यक आहे. अचलपूर-परतवाड्यातील प्रेक्षकाला हवा असलेला चित्रपट गावात लागला नसेल, तर त्याला अमरावती गाठावी लागते. सुमारे ५० किलोमीटरचा प्रवास, तिकिटाचे पैसे आणि परतीच्या बसची वेळ यांचा हिशेब त्याला करावा लागतो. नोकरी, शेती किंवा घर सांभाळून शिकणाऱ्या तुमच्यासारख्या विद्यार्थ्यासाठी तो कदाचित आठवड्यातला एकुलता एक मोकळा दिवस असतो. असा दिवस खर्ची घालण्यापूर्वी आपण वृत्तपत्रातील किंवा मोबाइलवरील तारे पाहतो आणि ‘अडीचच तारे आहेत’ असे म्हणून बेत रद्द करतो. त्या अडीच ताऱ्यांनी आपल्याला नेमके काय सांगितले, हा या घटकाचा मुख्य प्रश्न आहे.

२. विषय-विवेचन

२.१ ताऱ्यांचा उगम

तारे चित्रपटांच्या जगात जन्मलेले नाहीत. एकोणिसाव्या शतकात युरोपातील प्रवासी मार्गदर्शिकांमध्ये आवर्जून पाहावीत अशी स्थळे ताऱ्याने दाखवली जात. जर्मनीतील बेडेकर मार्गदर्शिका त्यासाठी प्रसिद्ध आहेत. पुढे फ्रान्समधील मिशलिन या टायर कंपनीने १९२६ पासून आपल्या मार्गदर्शिकेत उपाहारगृहांना तारा देण्यास सुरुवात केली आणि १९३१ मध्ये त्याच्या तीन पायऱ्या केल्या. एक तारा म्हणजे आपल्या प्रकारातील उत्तम ठिकाण, दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जावे असे ठिकाण आणि तीन तारे म्हणजे केवळ त्यासाठी प्रवासाला निघावे असे ठिकाण.

हाच निकष आपल्या परिसराला लावून पाहा. चिखलदऱ्याला निघालेल्या प्रवाशाने थोडी वाट वाकडी करून गाविलगड पाहावा, असे आपण सांगू. मराठीच्या विद्यार्थ्याने मात्र रिद्धपूरला मुद्दाम जावे, असे सांगू. कारण गोविंदप्रभूंचे वास्तव्य आणि म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’ची निर्मिती यांच्याशी ते गाव जोडलेले आहे. यात गाविलगड कमी मोलाचा ठरत नाही. इतिहासाच्या अभ्यासकासाठी हाच क्रम उलटाही होऊ शकेल. सल्ला कोणाला दिला जात आहे, यावर ताऱ्यांची संख्या अवलंबून असते.

चित्रपटासाठी ताऱ्यांचा वापर झाल्याचे प्रसिद्ध आरंभीचे उदाहरण न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’ या वृत्तपत्रातील आहे. ३१ जुलै १९२८ रोजी आयरीन थायरर यांनी ‘द पोर्ट ऑफ मिसिंग गर्ल्स’ या चित्रपटाला एक तारा दिला. त्यांच्या मोजपट्टीत कमाल तारे तीनच होते. पुढे कोठे चार, तर कोठे पाच ताऱ्यांची पद्धत रूढ झाली.

म्हणजे तारा हा मुळात परीक्षेतील गुण नव्हता. ‘यासाठी किती लांब जावे’ याबद्दल वाटसरूला दिलेला तो सल्ला होता. शाळेपासून गुणपत्रिकेची सवय असल्यामुळे आपण त्याला गुण समजतो. तेथेही आपली गफलत होते. पाचांपैकी तीन म्हणजे ६० टक्के, अर्थात परीक्षेच्या भाषेत प्रथम श्रेणी. तरीही तीन तारे पाहून आपण ‘यथातथाच दिसतो’ असे म्हणतो.

२.२ चार वेगवेगळे निवाडे

एकाच चित्रपटाबद्दल चार प्रकारचे निवाडे दिले जातात. त्यांची सरमिसळ होऊ नये, म्हणून पुढील भेद लक्षात घ्या.

अ) प्रमाणपत्र : १९५२ च्या चित्रपट अधिनियमानुसार केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ ‘यू’, ‘यूए ७+’, ‘यूए १३+’, ‘यूए १६+’, ‘ए’ किंवा ‘एस’ असे प्रमाणपत्र देते. चित्रपट कोणाला दाखवता येईल, एवढेच ते सांगते. चित्रपट चांगला की वाईट, हे सांगत नाही.

आ) पुरस्कार : परीक्षक मंडळ विशिष्ट वर्षातील चित्रपटांची परस्परांशी तुलना करते. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला १९५४ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ला २००३ या वर्षासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हे दोन सन्मान आपापल्या वर्षातील तुलनेचे आहेत. ‘श्वास’ हा ‘श्यामची आई’च्या तोडीचा आहे काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांत नाही.

इ) तिकीटबारी : किती लोकांनी तिकीट काढले, हे ती सांगते, किती लोकांना चित्रपट भावला, हे नव्हे. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ या दोन्ही चित्रपटांना समीक्षकांची दाद मिळाली. पण २०१६ च्या ‘सैराट’ने तिकीटबारीवर मिळवलेले यश कितीतरी मोठे होते. त्या फरकावरून दोन्ही कलाकृतींची उंची ठरवता येणार नाही.

ई) तारांकन : एका समीक्षकाने आपल्या वाचकवर्गाला दिलेला हा संक्षिप्त सल्ला असतो.

२.३ ताऱ्यांची सापेक्षता

१९६७ पासून ‘शिकागो सन-टाइम्स’मध्ये परीक्षणे लिहिणारे रॉजर ईबर्ट चार ताऱ्यांची मोजपट्टी वापरत. आपले तारे निरपेक्ष नसून सापेक्ष आहेत, असे त्यांनी स्पष्ट केले होते. चित्रपट ज्या जातकुळीचा आहे, त्या जातकुळीतील इतर चित्रपटांशी त्याची तुलना करावी, असे त्यांचे म्हणणे होते. विनोदी मारधाडपट आणि गंभीर शोकांतिका या दोहोंना तीन तारे मिळाले, तर त्या समान झाल्या असे होत नाही. प्रत्येकाने आपापले वचन कितपत पाळले, एवढेच त्यातून कळते.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’चे उदाहरण घेऊ. एका सफाई कामगाराला गाण्यातून आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप ठेवून लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर खटला चालवला जातो. नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी ही भूमिका साकारली. २०१४ या वर्षासाठी या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट कथापटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. यात कॅमेरा बहुतेक वेळा दूर आणि स्थिर उभा असतो. दृश्ये दीर्घ आहेत, युक्तिवाद निरस सुरात वाचले जातात आणि तारखा पडत राहतात. न्यायालयातील शब्दांची आतषबाजी पाहण्याच्या अपेक्षेने गेलेला प्रेक्षक याला एक तारा देईल. न्यायव्यवस्थेतील हा रटाळपणाच माणसाला कसा चिरडतो, हे ज्याला जाणवेल, तो पाच तारे देईल. दोघांनी एकच चित्रपट पाहिला, दोघांनी तीच संथ गती अनुभवली आणि दोघेही प्रामाणिक आहेत. फरक अपेक्षेत आहे. आणि तो फरक ताऱ्यांत दिसत नाही.

२.४ सरासरी आणि टक्केवारी

आता पुढील गणित सोडवा. पहिल्या चित्रपटाला दहाही प्रेक्षकांनी पाचांपैकी तीन तारे दिले. दुसऱ्याला पाच जणांनी पाच आणि पाच जणांनी एक तारा दिला. दोन्हींची सरासरी तीनच येते. पहिला चित्रपट सर्वांना बरा वाटला. दुसऱ्याने प्रेक्षकांत फूट पाडली. वाद निर्माण करणारी धाडसी कलाकृती आणि गुळमुळीत कलाकृती सरासरीत अशा एकसारख्या दिसतात.

टक्केवारीचा अर्थ आणखी निराळा आहे. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळावरील टक्केवारी म्हणजे अनुकूल परीक्षणांचे प्रमाण होय. दहा समीक्षकांना चित्रपट जेमतेम आवडला, तरी आकडा १०० टक्के येतो. सहा जणांनी पाचांपैकी पाच आणि चौघांनी दोन तारे दिलेल्या चित्रपटाची सरासरी ३.८ असली, तरी अनुकूल मतांचे प्रमाण ६० टक्केच भरते. म्हणजे ‘१०० टक्के’ याचा अर्थ ‘सर्वोत्तम’ असा नसून ‘कोणीही नाकारला नाही’ असा आहे.

शिवाय मत नोंदवणारे कोण, हेही पाहावे लागते. ज्यांना चित्रपट फार आवडला किंवा ज्यांना त्याचा फार संताप आला, ते मत नोंदवण्यास अधिक उत्सुक असतात. आपल्याकडे दिल्या जाणाऱ्या ताऱ्यांत पाचचाच भरणा असल्याचे ‘यूट्यूब’ने २००९ मध्ये सांगितले आणि पुढच्या वर्षी तारे काढून पसंती-नापसंतीची पद्धत आणली. ‘नेटफ्लिक्स’नेही २०१७ मध्ये ताऱ्यांऐवजी अंगठ्याचे चिन्ह स्वीकारले.

२.५ ताऱ्यांकडून शब्दांकडे

वऱ्हाडात ‘पिच्चर कसा हाये?’ असे विचारल्यावर ‘बरा हाये’ असे उत्तर आले, तर विचारणारा तेथे थांबत नाही. सांगणाऱ्याचा सूर तो ऐकतो, त्याची आवडनिवड त्याला ठाऊक असते आणि ‘घरच्यांना घेऊन जाऊ का?’ असा पुढचा प्रश्न तो करतो. छापील ताऱ्यांजवळ सूर नसतो. म्हणून तो पुढचा प्रश्न आपण परीक्षणाच्या मजकुराला विचारला पाहिजे :

• तारे कितीपैकी आहेत?
• ते एका समीक्षकाचे आहेत, की अनेकांची सरासरी आहे?
• चित्रपटाची तुलना कशाशी केली आहे?
• पटकथा, अभिनय, छायालेखन, संकलन यांपैकी कोणत्या घटकामुळे तारे वाढले वा घटले?
• समीक्षकाला जे खटकले, ते मलाही खटकेल काय?

यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘चित्रपट संथ आहे, म्हणून अडीच तारे’ हे वाक्य वाचून एक वाचक अमरावतीचा बेत रद्द करील, तर संथ चित्रपट आवडणारा दुसरा वाचक बस पकडील. दोघांचाही दिवस सत्कारणी लागेल. केवळ ‘अडीच तारे’ एवढेच वाचले असते, तर दुसऱ्या वाचकाचे नुकसान झाले असते. आणि थोड्या चित्रपटगृहांत, मोजके खेळ मिळालेल्या एखाद्या मराठी चित्रपटाने आपला हक्काचा प्रेक्षक गमावला असता.

परीक्षण लिहिताना तुमच्यावरही हीच जबाबदारी येते. तारे द्यायचे असतील तर द्या. परंतु तुमच्याशी असहमत असणाऱ्या वाचकालाही स्वतःचा निर्णय घेता येईल इतके वर्णन आणि इतकी कारणे मजकुरात असली पाहिजेत.

३. सारांश

तारांकनाचा उगम प्रवाशाला दिलेल्या सल्ल्यात आहे. तारे कलाकृतीचे अंतिम मूल्य सांगत नाहीत. विशिष्ट व्यक्तीने, विशिष्ट अपेक्षेने, विशिष्ट वाचकाला दिलेले ते संक्षिप्त उत्तर असते. सरासरीत मतभेद लपतात आणि टक्केवारीत पसंतीची तीव्रता लपते. म्हणून तारे पाहावेत, पण निर्णय कारणे वाचून घ्यावा.

४. स्वाध्याय

१) प्रमाणपत्र, पुरस्कार आणि तारांकन यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२) ‘सरासरीत मतभेद लपतात’ या विधानाची चर्चा स्वतः तयार केलेल्या आकडेवारीच्या साहाय्याने करा.
३) तुम्ही अलीकडे पाहिलेल्या एका मराठी चित्रपटाचे १५० शब्दांत परीक्षण लिहा. त्यात तारे देऊ नका. ते परीक्षण घरातील किंवा शेजारच्या दोन व्यक्तींना वाचायला द्या आणि त्यांनी त्यावरून किती तारे कल्पिले, ते नोंदवा. दोन्ही उत्तरे भिन्न आल्यास त्याची कारणे शोधा.