छोट्या नौकेवरचे गोडे पाणी

शिडाच्या छोट्या नौकेला भर समुद्रात गोडे पाणी तीन मार्गांनी मिळते. बंदरात टाकीत भरलेले, शिडावर झेललेले पावसाचे आणि यंत्राने खाऱ्या पाण्यातून काढलेले. तिसऱ्या मार्गाने दर्यावर्दींचे बरेच ओझे हलके केले आहे. मात्र यंत्र आहे म्हणून टाकी निम्मीच भरून निघणाऱ्या नौका अडचणीत येतात, हा लांबच्या सफरींचा जुना अनुभव आहे. यंत्र कसे चालते आणि कशाने बंद पडते हे समजले की टाकीत किती पाणी हवे, याचा हिशेब आपोआप बसतो.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. माणसाच्या मूत्रपिंडाला एवढे क्षार तेवढ्याच पाण्यात बाहेर टाकता येत नाहीत. म्हणून खारे पाणी प्यायल्यावर शरीरातले पाणी उलट कमी होते. खारे पाणी उकळून वाफ थंड करावी, तर नुसती वाफ करायलाच लिटरमागे ६०० वॅट-तासांहून अधिक ऊर्जा लागते. तेवढे इंधन छोट्या नौकेत मावत नाही. त्यामुळे नौकांवरची आजची यंत्रे ‘रिव्हर्स ऑस्मॉसिस’ म्हणजे आरओ पद्धतीची असतात. घरातल्या आरओचेच तत्त्व, पण दाब कितीतरी जास्त. समुद्राच्या पाण्याचा स्वतःचा परासरण दाब सुमारे २७ बार असतो. त्यावर मात करून पाणी क्षार अडवणाऱ्या पडद्यापार ढकलायला ५५ बारच्या आसपास, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे ५५ पट दाब द्यावा लागतो.

छोट्या यंत्रात आत घेतलेल्या पाण्यापैकी साधारण दहावा हिस्साच गोडा होतो. उरलेले अधिक खारट पाणी समुद्रात परत जाते. जाताना त्यात शिल्लक असलेला दाब पंपाच्या मदतीला वापरणारी यंत्रे कमी विजेवर चालतात. अशा लहान यंत्राला १२ व्होल्टवर सुमारे ४ अँपिअर लागतात आणि तासाला पाच-साडेपाच लिटर पाणी मिळते. दिवसाला वीस लिटर हवे असतील, तर पावणेदोनशे वॅट-तासांच्या आसपास खर्च येतो. लख्ख उन्हात १०० वॅटचे सौर पॅनेल तो भागवते. पण ढगाळ आठवड्यात किंवा पॅनेलवर शिडाची सावली पडत राहिली, तर तीच वीज दिवे, रेडिओ आणि स्वयंचलित सुकाणूच्या वाट्यातून जाते. पाणी थंड असले की उत्पादनही घटते. तापमान एका अंशाने उतरले, तर उत्पादन सुमारे तीन टक्क्यांनी कमी होते.

यंत्राचा जीव पडद्यात आहे. हा पॉलिअमाइडचा पातळ पडदा क्लोरीनने कायमचा खराब होतो. बंदरातल्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून त्या पाण्याने यंत्र धुताना मध्ये सक्रिय कोळशाची गाळणी हवीच. तेलाचा तवंग पडद्याला तितकाच घातक. म्हणून बंदरात, खाडीत किंवा गढूळ पाण्यात यंत्र चालवू नये. किनारा मागे पडून पाणी निवळल्यावरच ते सुरू करावे. पडद्याआधी २० आणि ५ मायक्रॉनच्या गाळण्या असाव्यात आणि प्रवासाला पुरेल इतका त्यांचा साठा बरोबर असावा. पाणी आत घेणारे छिद्र तळाशी, मध्यरेषेजवळ आणि शौचालयाच्या निकासापासून दूर ठेवावे. ते कडेला असेल, तर नौका कलल्यावर उघडे पडते, पंपात हवा शिरते आणि दाब तुटतो.

बहुतेक पडदे वापराने नव्हे, तर नुसते पडून राहिल्याने जातात. आत उरलेल्या समुद्राच्या पाण्यातले जीवजंतू मरून कुजतात आणि पाण्याला सडक्या अंड्यांसारखा वास येतो. म्हणून प्रत्येक वापरानंतर यंत्र गोड्या पाण्याने धुवावे. वापर नसेल तेव्हा दर आठवड्याच्या आत पुन्हा धुवावे. अनेक आठवडे बंद राहणार असेल, तर निर्मात्याने सुचवलेले संरक्षक द्रावण भरून ठेवावे. धुण्यासाठी लागणारे पाणी हिशेबात धरावे.

यंत्र सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे येणारे पाणी टाकीत जाऊ देऊ नये. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरने आकडा ५०० पीपीएमच्या खाली आल्याची खात्री करावी, चव घ्यावी आणि मगच झडप टाकीकडे वळवावी. मचूळ पाणी एकदा टाकीत मिसळले, तर साठवलेले चांगले पाणीही हातचे जाते. म्हणून टाक्या किमान दोन असाव्यात. एकीत यंत्राचे पाणी भरावे आणि दुसरीला हात लावू नये.

राखीव पाण्याचा हिशेब सोपा आहे. पिण्या-स्वयंपाकाला माणशी रोज तीन लिटर धरावे. कॅनरी बेटांपासून कॅरिबियनपर्यंतचे अंतर सुमारे २,७०० सागरी मैल आहे. सरासरी पाच नॉटच्या नौकेला तेवीस दिवस लागतात. दोघांसाठी १३८ लिटर होतात. वारा पडण्याची शक्यता धरून निम्मे आणखी घेतले, तर दोनशेच्या पुढे जाते. एवढे पाणी बंदरातूनच न्यावे. यंत्राचे पाणी आंघोळीसाठी, कपड्यांसाठी आणि टाकी भरलेली ठेवण्यासाठी. शिवाय नौका सोडावी लागली तर हाताशी येतील असे बंद कॅन वेगळे ठेवावेत. सागरी शर्यतींचे आंतरराष्ट्रीय नियमही असे किमान नऊ लिटर आपत्कालीन पाणी सक्तीचे करतात. कॅन पूर्ण भरू नयेत. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असल्याने थोडी हवा असलेला कॅन नौकेबाहेर पडला, तरी तरंगतो.

पावसाची तयारी आधीच करावी. बूमचे, म्हणजे मुख्य शिडाखालच्या आडव्या दांड्याचे, मागचे टोक उचलले की मुख्य शिडावरचे पाणी डोलकाठीकडे वाहते आणि तिथे बादली लावता येते. पहिल्या सरीने शिडावरचे मीठ धुऊन जाऊ द्यावे आणि पुढचे पाणी घ्यावे. व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात मात्र अनेक दिवस सर येत नाही.

वीजच गेली, तर हाताने चालणारा पंप कामी येतो. १९८२ मध्ये अटलांटिकमध्ये नौका बुडाल्यावर स्टीव्हन कॅलहॅन ७६ दिवस तराफ्यावर राहिले. त्यांच्याजवळ सूर्याच्या उष्णतेवर पाणी काढणारी उपकरणे होती. त्यातून रोज जेमतेम अर्धा लिटरच्या आसपास पाणी मिळे. १९८९ मध्ये प्रशांत महासागरात बिल आणि सिमोन बटलर हे दांपत्य ६६ दिवस तराफ्यावर होते आणि त्यांच्याजवळ हातपंपाचे आरओ यंत्र होते. या प्रकारच्या मोठ्या पंपातून तासाला चारेक लिटर पाणी निघते. सर्वांत लहान पंप किलोभर वजनाचा असतो आणि तासाला लिटरभरही देत नाही. तरी तो आपत्कालीन पिशवीत असावा आणि निघण्यापूर्वी प्रत्येकाने तो चालवून पाहावा.