काकीला विचारलंस का?

पवनी, श्रावणातला सोमवार

चि. निखिल,

पत्र पाहून तुला नवल वाटेल. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर माझा आवाज चढतो आणि तू ‘हो मोठे बाबा, हो मोठे बाबा’ म्हणत ठेवून देतोस. शिवाय ही गोष्ट तुझ्या बाबाच्या कानावर जाण्याआधी आपल्या दोघांत निपटावी असं वाटतं. त्याचा राग तुला ठाऊक आहे. आमच्या बाजींचाच उतरलाय तो.

परवा तुझी मोठीमाय किराण्याच्या दुकानातून आली ती तोंड मिटून. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर बोलली. दुकानात कुणीतरी तिला मोबाइलवर एक फोटो दाखवला. आपल्या काकीचा. बांधीत वाकलेली, लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं, पदर खांद्यावरून ओघळून चिखलात, हातात पऱ्ह्यांची पेंढी. फोटोखाली एकच शब्द, ‘भूक’. आणि तुझं नाव. नागपूरच्या कुठल्याशा स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं म्हणे. दुसऱ्या दिवशी तोच फोटो माझ्याही मोबाइलवर आला, शाळेतल्या एका जुन्या सहकाऱ्याकडून. अभिनंदन म्हणून पाठवला होता त्यानं.

निखिल, मी तिचा भासरा आहे. लग्न होऊन ती या घरात आली त्याला तीसेक वर्षं झाली असतील. माझ्यासमोर आजवर तिनं डोक्यावरचा पदर ढळू दिलेला नाही. चहाचा कप खाली ठेवते, हातात देत नाही. ही रीत चांगली की वाईट, यावर तू माझ्याशी वाद घाल, मी ऐकेन. पण ती तिची रीत आहे. तो फोटो मी पाहिला हे तिला कळलंय, आणि तेव्हापासून ती आमच्या अंगणात आलेली नाही. मोठीमायजवळ एवढंच म्हणाली, “मले सांगतलं असतं तं पदर तरी नीट केला असता.”

तू तिला विचारलं होतंस का? मला दुसरं काही नको, याचं उत्तर हवं आहे.

आणि भूक कुणाची? दोन एकर धानाची मालकीण आहे ती. त्या दिवशी स्वतःच्या बांधीत रोवणी होती, बायांची न्याहारी तिच्याच घरून आली होती, आणि तूही धुऱ्यावर बसून तिच्या हातची भाकर अन् मिरचीचा ठेचा खाल्लास, हे तुझी मोठीमाय सांगते. जिनं जेवू घातलं तिच्या फोटोखाली तू भूक लिहिलंस. परीक्षकांना काय माहीत? त्यांना चिखल दिसला. तुला तर सगळं माहीत होतं.

मी रागावलोय, हे खरं. पण रागाच्या खाली जी भीती आहे ती सांगायला हे पत्र लिहितोय. नागपूरला राहून, हाती चांगला कॅमेरा आल्यावर, तू आपल्याच माणसांकडे पाहुण्यासारखा बघू लागलास की काय, ही ती भीती. पाहुणा जेवतो, कौतुक करतो, निघून जातो. मागे काय झालं ते त्याला कळत नाही.

आपल्याच करांडल्याच्या जंगलात काय झालं, आठवतं? ३१ डिसेंबर २०२४. गोठणगावच्या सफारीच्या वाटेवर एफ-टू नावाची वाघीण तिच्या पाच बछड्यांसह चालली होती आणि दोन्ही बाजूंनी जिप्सींनी वाट अडवली. मधे ती माय आणि पोरं, भोवती मोबाइल आणि कॅमेरे. त्याचे व्हिडिओ देशभर फिरले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, वाहनचालक आणि गाइडांवर कारवाई झाली. तेव्हा तू मला फोन करून किती संतापला होतास! मला त्या दिवशी तुझा अभिमान वाटला होता. म्हणून विचारतो, वाघिणीची वाट अडवलेली तुला खुपली आणि काकीची नाही, हे कसं?

तू म्हणशील, विचारलं की फोटो बिघडतो. बाया सावध होतात, काम थांबवून ताठ उभ्या राहतात, हसणं जातं. बरोबर आहे. मग तो ताठ उभा राहिलेला फोटोही काढ. तो त्यांचा. ज्या रूपात माणसाला स्वतःला ठेवायचं असतं ते रूप त्यात येतं. तो नीट काढून, छापून त्यांच्या हातात दे. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. कॅमेरा पिशवीत ठेव, पऱ्हे खणू लाग, चार पेंढ्या बांधीत फेक, जळू लागली तर आरड. दुपारपर्यंत तुझ्या कॅमेऱ्याचं कौतुक संपलेलं असेल आणि बाया आपसातलं बोलणं पुन्हा सुरू करतील. तेव्हा काढ. तेव्हा पदर कुठे आहे हे त्यांना माहीत असतं, तू कुठे आहेस हेही माहीत असतं, आणि तरी त्या वाकून काम करत राहतात. तो फोटो चोरलेल्या फोटोपेक्षा कमी खरा कसा म्हणशील?

हे मी मनानं सांगत नाही. पत्रकार पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांतल्या गावांत कष्ट करणाऱ्या बायांचे फोटो काढले. बायांचं काम सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असूनही ते कुणाला दिसत नाही, हे त्यातून दाखवायचं होतं. त्याचं प्रदर्शन त्यांनी शहरातल्या दालनांपुरतं ठेवलं नाही. शेतमजूर बायांसमोरही ते मांडलं. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले. गटारात उतरलेला माणूस, कचऱ्याच्या ढिगावरचा माणूस. तुझ्या फोटोपेक्षा कितीतरी कठोर. तरी त्यातल्या माणसाची मान खाली गेलेली वाटत नाही, कारण काढणारा त्यांच्यातच वावरत होता. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा चिखल, घाम, वाकलेली पाठ दाखवू नकोस असं मी म्हणत नाही. दाखव. पण ज्याची पाठ आहे त्याला आधी विचार.

ज्यांना विचारता येत नाही त्यांच्याबाबत तर जास्तच जपायला हवं. महाराष्ट्रात सारस उरलेत ते गोंदिया, भंडारा, चंद्रपूर एवढ्याच पट्ट्यात, आणि आपल्या जिल्ह्यात बोटांवर मोजण्याइतके. पावसाळ्यात धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या काठाला पाण्यात गवताचा ढीग रचून ते घरटं करतात, बहुतेक दोनच अंडी, आणि महिनाभर नर-मादी आळीपाळीनं उबवतात. जवळ गेलास तर ती उठणार, आणि कावळे टपलेलेच असतात. तू म्हणाला होतास या दिवसांत सारस शोधायला जाणार म्हणून. जा, पण धुऱ्यावरूनच मागे फीर. शेतकऱ्याची परवानगी घे. बांधी त्याची आहे आणि पाखराची खबरही त्यालाच तुझ्याआधी असते.

आता माझं थोडं ऐक. तुझ्या बाबानं तुला हे सांगितलं नसेल, कारण तो तेव्हा लहान होता.

मला जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारातून मी आग्फा क्लिक थ्री घेतला. एका रिळात १२ फोटो. रीळ धुवायला भंडाऱ्याला जायचं, आठवड्यानं प्रती मिळायच्या. बारा म्हणजे फार मोजूनमापून खर्चायचे. मी ते कशावर खर्च केले? नागझिऱ्याचं तळं, रावणवाडीचं धरण, अंबागडचा किल्ला, आंभोऱ्याचा संगम. घरातलं काही काढावं असं मनातही यायचं नाही. घर काय, रोजचंच आहे. माय रोजचीच आहे.

२२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींनी गोसेखुर्द धरणाची कोनशिला बसवली. त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्या गावात लोक म्हणायचे, पाणी काही येत नाही. मग नोटिसा आल्या, मोजणी झाली, आणि एक दिवस ३३ दारांच्या त्या धरणामागे पाणी चढू लागलं. आम्ही आमचं घर आमच्याच हातांनी उतरवलं. सागाच्या मयाली, दाराच्या चौकटी, कवेलू, जे नेता आलं ते बंड्यांत भरून पुनर्वसनाच्या प्लॉटवर आणलं. ओसरीचे खांब आजही तुमच्या गोठ्यात आहेत. पण ती ओसरी कशी दिसायची, बाजी कुठल्या खांबाला टेकून पान खायचे, विहिरीकडे जायचं दार किती बुटकं होतं, हे दाखवायला माझ्याजवळ एकही फोटो नाही. मोठ्या आत्याच्या लग्नातल्या एका फोटोत वाजंत्र्यांच्या मागे घराचा कोपरा दिसतो. एवढंच उरलं आहे. भिंतीचा तो चुन्याचा हात मी कितीदा भिंग लावून पाहिला असेल.

आणि माय. तिच्या तेरवीला फ्रेममध्ये लावायला फोटो शोधला तेव्हा सापडला तो मतदार ओळखपत्रावरचा. मुख्य निवडणूक आयुक्त शेषन साहेबांच्या काळात, १९९३ नंतर, सगळ्यांची ती ओळखपत्रं निघाली ना, तेव्हाचा. शाळेच्या वऱ्हांड्यात बाकड्यावर बसवून, डोळे विस्फारलेले. तोच मोठा करून घेतला. ज्याला तू लहानपणापासून आजीचा फोटो म्हणून हात जोडतोस तो हा. माय तशी दिसत नसे, निखिल. कधीच नाही. ती हसली की एक डोळा मिटायची. घरात कॅमेरा असून तो डोळा मी काढला नाही.

म्हणून तुझा हात चालतो याचा मला आनंद आहे. हे नीट ध्यानात घे; वरचं वाचून कॅमेरा कपाटात टाकशील तर मला फार वाईट वाटेल. तू मागच्या दिवाळीत तुझ्या आईचा काढलेला फोटो, चुलीवर रांजी उपडी ठेवून लांब रोटी पसरताना, हातावर लोंबणारी ती कणीक, तो मी छापून माझ्या पुस्तकांच्या कपाटावर लावला आहे. मंडईच्या जत्रेतल्या गोवाऱ्यांचा, कवड्यांचे पट्टे आणि वर धुळीचा पिवळा उजेड, तोही. तो फोटो मी पाहुण्यांना दाखवतो. हे काम आपल्याकडे कुणी करत नाही. आंभोऱ्याच्या नव्या पुलावर फोटो काढायला सगळं नागपूर येतं. त्या पुलाखालच्या पाण्यात कुणाची घरं गेली ते कुणी काढलं नाही. भंडाऱ्यात भांडी घडवणारे किती उरलेत, मोहाडी-आंधळगावात कोशाचे माग किती चालू आहेत, जा, बस त्यांच्याजवळ. दंडार उभी राहते त्या रात्री मागच्या पडवीत रंग लावणाऱ्या पोरांजवळ बस. तुझ्याजवळ वेळ आहे, मेमरी कार्ड आहे, बाराच फोटो पुरवायचे नाहीत.

फक्त विचारत जा. मी हेच पुन्हा पुन्हा लिहितोय, मलाही कळतंय.

काकीचं काय करायचं ते सांगतो. तो फोटो सगळीकडून काढून टाक. पुढे गेलेला परत येणार नाही, पण तुझ्या हातातला तरी काढ. स्पर्धावाल्यांना कळव की फोटोखालचा शब्द चुकीचा आहे. बक्षीस परत करायचं की नाही ते तू ठरव, मी त्यात बोलणार नाही. मग तिच्याकडे जा. एकटा जायला संकोच वाटला तर मोठीमाय सोबत येईल, मी नाही येणार, तिला अवघडल्यासारखं होईल. सबबी सांगू नकोस. तिनं दोन शब्द सुनावले तर ऐकून घे. ती फार वेळ रागावत नाही; तू पाच वर्षांचा असताना तापानं फणफणला होतास तेव्हा रात्रभर तुला मांडीवर घेऊन बसलेली तीच होती. तुझी आई बाळंतपणाला माहेरी होती. तुला आठवत नसेल, तिला आठवतं.

जमलं तर तिला विचार, तुझा फोटो कसा काढू? ती म्हणेल तसा काढ. नवं लुगडं नेसून तुळशीजवळ म्हणाली तर तिथे, बैलांसोबत म्हणाली तर तसा. धान निसवलं की तिच्या बांधीत उभं राहायचं म्हणाली तर दिवाळीपर्यंत थांब.

मोठीमायच्या गुडघ्यांचं दुखणं वाढलं आहे. या उन्हाळ्यात ती मोहाफुलं वेचायलाही गेली नाही, तू समज. तिचा एक चांगला फोटो घरात असावा असं मला फार दिवसांपासून वाटतंय. लवकर. ती आधी नको म्हणाली, काल हो म्हणाली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी ये. बैल धुवायला तळ्यावर जाऊ.

तुझा,
मोठे बाबा