आंघोळ आदल्या दिवशीची

१. पुण्यात शेजाऱ्यांचा सण आंघोळीने सुरू होतो. नरकचतुर्दशीला पहाटे तेल, उटणं, कढत पाणी. आम्हा बेने इस्राएल ज्यूंच्या घरी सण लागायच्या आत आंघोळ उरकलेली असते, कारण आमचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. रास्ता पेठेत १९२१ पासून आमचं सुक्कथ शेलोमो सिनेगॉग आहे, त्यामुळे तिथल्या जुन्या वाड्यांत हे कोणाला समजावून सांगावं लागत नसे. सोसायटीत राहायला आल्यावर "सणासुदीची आंघोळ नाही?" हा प्रश्न ठरलेला. मी सांगते, "कालच झाली, अगदी डोक्यावरून."

२. शब्बाथची, म्हणजे आमच्या शनिवारच्या विसाव्याची, तयारी शुक्रवारी करायची असते, पण पुण्यात ती बुधवारीच सुरू करावी. गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने, ही बातमी इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. घरातली सगळी माणसं शुक्रवारी दुपारी एकाच वेळी न्हाणार असतील तर पिंप आधीच भरलेलं हवं.

३. मनाई पाण्याला नाही, तापवण्याला आहे. शब्बाथला शिजवायचं नाही, आणि पाणी तापवणं हे शिजवण्यातच मोडतं. मग शुक्रवारी तापवून ठेवलेल्या पाण्याने आंघोळ का नको? ताल्मूद या आमच्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात याची गोष्ट आहे. पूर्वी लोक अशा पाण्याने न्हात असत. स्नानगृहवाले शब्बाथलाच पाणी तापवू लागले आणि विचारलं की म्हणायचे, कालचंच आहे. म्हणून गरम पाण्याची आंघोळ बंद झाली, फक्त वाफ घ्यायला मुभा राहिली. तेव्हा लोक सर्रास न्हायचे आणि सांगायचे, वाफ घेतोय. मग वाफही बंद. शेवटी लोकांना हे झेपेना, तेव्हा तिबेरियाच्या गरम झऱ्यांना मोकळीक मिळाली. दोन हजार वर्षांपूर्वीची माणसंही आपल्यासारखीच पळवाटा शोधणारी होती, हे वाचून मला फार बरं वाटतं. आमचे पूर्वज कोकणातले. पालीजवळ उन्हेऱ्याला गरम पाण्याची कुंडं आहेत, ती कोणी चूल पेटवून तापवत नाही. पुण्याला तेवढं भाग्य नाही.

तोंड, हात, पाय मात्र आदल्या दिवशी तापवलेल्या पाण्याने धुता येतात. गार पाण्याच्या आंघोळीबद्दल अश्केनाझी ज्यू कडक आहेत, सेफार्दी सैल. आमची बहुतेक रीत सेफार्दी वळणाची.

४. गीझर नीट समजून घ्यावा. इन्स्टंट गीझर नळ सोडताच चालू होतो, तेव्हा तो वापरायचाच नाही. टाकीवाल्याचं बटण शुक्रवारी बंद केलं तरी भागत नाही. गरम नळ सोडला की तेवढंच गार पाणी टाकीत शिरतं आणि आतल्या कढत पाण्याने तापतं. म्हणजे आपणच तापवल्यासारखं. पुण्यात गच्चीगच्चीवर सोलर आहे, आणि खरा वाद तिथेच. सेफार्दी रब्बी ओवाद्या योसेफ यांनी सोलरच्या पाण्याला परवानगी दिली. दुसरे म्हणतात, ऊन थेट पाण्याला लागत नाही, तापलेल्या नळीची धग लागते, म्हणून नको. आमच्या घरी या वादावर शुक्रवारी भरून ठेवलेला थर्मास हा तोडगा आहे.

५. शब्बाथला टॉवेलने अंग टिपायचं, टॉवेल पिळायचा नाही. केसही पिळायचे नाहीत. वडीऐवजी पातळ साबण ठेवावा.

६. वल्हांडणासारख्या सणाला स्वयंपाकाची मुभा असते, म्हणून हातपाय धुण्यापुरतं पाणी तापवता येतं. पण विस्तव नव्याने पेटवायचा नाही, आधीच्या ज्योतीवरून घ्यायचा. आदल्या संध्याकाळी बराच वेळ टिकेल असा दिवा लावून ठेवावा. लायटर हाताशी नसलेला बरा. सवयीने हात तिकडेच जातो.

७. किप्पूर, आमचा कडक उपासाचा दिवस, वेगळा. आमची जुनी माणसं त्याला दरफाळणीचा सण म्हणत, दारं लावून घरात बसायचा. तेव्हा पाणी गार असो की गरम, अंगाला लावायचं नाही. खाणंपिणं, धुणं, तेल लावणं, चामड्याची पायताणं आणि पतिपत्नीचा संग या पाच गोष्टी सुमारे पंचवीस तास वर्ज्य. कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणत. घाण्यावर जन्म काढलेल्या त्या माणसांनाही त्या दिवशी तेलाचं बोट चालत नसे! आजी आदल्या दुपारी आम्हाला आधी ऊन पाण्याने, मग गार पाण्याने न्हाऊ घालायची आणि पांढरे कपडे चढवायची.

सकाळी उठल्यावर फक्त बोटं, तीही तळव्याला जुळतात तिथपर्यंत, धुवायची. चिखल किंवा रक्त लागलं तर तेवढीच जागा धुवायची. मजेसाठी धुणं वर्ज्य आहे, घाण काढणं नाही. लेकराला भरवायचं असेल तर आईने हात धुवावा, हे ताल्मूदनेच सांगून ठेवलंय. मिश्ना या ताल्मूदच्या मूळ भागात राजाला आणि नव्या नवरीला तोंड धुण्याची सूट आहे. माझ्या लग्नानंतरचा पहिला किप्पूर नवरीपणाच्या तीस दिवसांच्या बाहेर गेला, नाहीतर मी ती सूट मागून घेतली असती.

चूळ भरायची नाही, हे मात्र खरंच जड जातं.

८. सुक्कोथ या मंडपांच्या सणाच्या मधल्या दिवसांत कपडे धुवायचे नाहीत, केस कापायचे नाहीत. कारण व्यवहारी आहे: तेव्हा धुता येईल म्हणून कोणी सणात मळक्या कपड्यांनी शिरू नये. त्यामुळे वॉशिंग मशीनला खरा ताण सणाआधीच्या दिवसांत पडतो, आणि परतीचा पाऊस असेल तर कपडे वाळवायला पंखेही कमी पडतात. तान्ह्या मुलांच्या दुपट्यांना सूट आहे. ज्याच्याकडे एकच वस्त्र आहे त्यालाही धुवायची सूट आहे. मुलाने एकदा क्रिकेटच्या शर्टासाठी या कलमाचा आधार घेऊन पाहिला. मी कपाट उघडून दाखवलं.