हलक्या फ्लायव्हीलला क्लच प्लेट कोणती?

प्रश्न : माझ्याकडे १९९२ची पोर्शे ९११ (९६४) आहे. मूळ ड्युअल-मास फ्लायव्हील काढून हलकं, अखंड फ्लायव्हील बसवायचं आहे. जुनी क्लच प्लेट चालेल का?

उत्तर : नाही, ती अजिबात ठेवू नका. सिलिंडरमधला प्रत्येक स्फोट क्रँकशाफ्टला हिसका देतो. तुमच्या गाडीत तो हिसका फ्लायव्हीलच्या दोन भागांमधली लवचीक जोडणी शोषून घेते, म्हणून क्लच प्लेटला स्प्रिंग नाहीत. अखंड फ्लायव्हीलवर हीच प्लेट लावलीत, तर हिसके थेट गिअरबॉक्सला बसतील. मध्यभागी स्प्रिंग असलेली प्लेट घ्या. पोर्शेने याच पिढीच्या कॅरेरा आरएसमध्ये तेच केलं होतं. तरीही न्यूट्रलमध्ये थोडी खडखड ऐकू येईल. क्लच दाबल्यावर ती थांबत असेल, तर घाबरू नका.

इंजिन झटकन चढेल, पण तितक्याच झटकन उतरेल. सिग्नलला ते बंद पडू नये म्हणून ईसीयूचं आयडलिंगचं सेटिंग बदलून घ्या. रस्त्यावरच्या गाडीला रेसिंगची सिरॅमिक प्लेट मात्र नको. ती एकदम पकडते, आणि हलक्या फ्लायव्हीलमध्ये गाडी उचलायला साठवलेली ऊर्जा मुळातच कमी. ऑर्गॅनिक प्लेटच घ्या, आणि प्रेशर प्लेट नव्या फ्लायव्हीलच्या मापाची आहे ना, हे खरेदीआधीच तपासा.