अननस आणि बासुंदी



मंगळवारी टिटवाळ्याला महागणपतीच्या दर्शनासाठी खूप गर्दी होते. बाजारात फळांच्या गाड्या लागलेल्या असतात. अननस दिसला की मुले हट्ट धरतात. पण पुष्कळ बाया म्हणतात, "नको ग बाई! हे काटेरी फळ चिरायचं कसं? आणि त्याचं करायचं काय?"

आज आपण तेच शिकू. पण आधी आमच्या घरची एक गोष्ट सांगतो.

बासुंदी कडू झाली

काही वर्षांपूर्वी आमच्या घरी सत्यनारायणाची पूजा होती. चार लिटर दूध आटवून सुनेने बासुंदी केली. बासुंदी गार झाल्यावर तिने अननस चिरला आणि त्याच्या फोडी तीत घातल्या. दोन-तीन तासांनी पाने वाढली. पहिला घास घेताच पाहुण्यांनी तोंडे वाकडी केली. बासुंदी कडू लागत होती!

कोणी म्हणाले, भांडे नीट घासले नसेल. कोणी म्हणाले, दृष्ट लागली. आम्हीही बोलून गेलो, "सूनबाई, जरा लक्ष देऊन करावं माणसानं." सगळे खापर तिच्या माथी फुटले. ती बिचारी काही बोलली नाही. त्या दिवशी ती जेवलीही नाही.

चार दिवसांनी तिने दोन वाट्यांत गार दूध घेतले. एका वाटीत अननसाची कच्ची फोड घातली. दुसऱ्या वाटीत उकळून गार केलेली फोड घातली. दोन तासांनी तिने आम्हांला हाक मारली. "बाबा, दोन्ही चाखून बघा."

पहिले दूध कडू झाले होते. दुसरे कडू नव्हते. दूध तेच, हात तेच, घर तेच. मग दोष कोणाचा? सुनेचा नाही. दृष्टीचाही नाही. तो फळाचा गुण होता. आम्ही जन्मभर मुलांना शिकवले, पण त्या दिवशी चौकशी न करताच बोललो. आम्ही सुनेपाशी आमची चूक कबूल केली.

असे का होते?

मटण लवकर शिजावे म्हणून त्यात कच्च्या पपईचा तुकडा घालतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. पपईच्या चिकात मांस मऊ करणारा पदार्थ असतो. तसाच पदार्थ अननसात असतो. त्याचे नाव ब्रोमेलिन. दुधात प्रथिने असतात. ब्रोमेलिन ती प्रथिने तोडते. म्हणून दूध कडू होते. दही, श्रीखंड आणि बासुंदी यांचेही तसेच होते. अननस खूप खाल्ला की जीभ चुरचुरते, त्यालाही हे एक कारण आहे.

पण ब्रोमेलिन उष्णतेने नाहीसे होते. म्हणून फोडी आधी चांगल्या उकळाव्या, पूर्ण गार कराव्या आणि मगच गार बासुंदीत घालाव्या. अननस आंबटही असतो. तेव्हा उकळत्या दुधात तो कधीच घालू नये. दूध फाटेल.

अननस निवडावा कसा?

अननस मूळचा दक्षिण अमेरिकेतला. कोलंबसाने तो १४९३ साली ग्वादेलूप बेटावर पाहिला. पुढे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो आपल्या देशात आणला. आता कोकणात नारळी-पोफळीच्या सावलीतही त्याची लागवड करतात.

झाडावरून काढल्यावर अननसाची गोडी वाढत नाही. म्हणून घेतानाच नीट पाहावे. फळ हाताला जड लागावे. बुडाशी पिवळेपणा असावा. बुडाचा वास घ्यावा. गोड वास आला तर फळ पिकलेले आहे. दारूसारखा आंबूस वास आला किंवा बोट आत गेले तर घेऊ नये.

चिरावा कसा?

फळ आधी धुवावे. धारदार सुरीने शेंडा आणि बूड कापावे. फळ पाटावर उभे ठेवावे. वरून खाली साल काढत जावे. आत काळे डोळे दिसतात. ते तिरप्या ओळीत असतात. प्रत्येक ओळीच्या दोन्ही बाजूंनी तिरपी सुरी चालवली की पूर्ण ओळ निघते आणि गर वाया जात नाही. मग उभे चार भाग करावे. मधला कठीण दांडा काढावा. नुसत्या फोडी खायच्या असतील तर त्या थोडा वेळ मिठाच्या पाण्यात ठेवाव्या.

अननसाचा शिरा

जिन्नस: रवा एक वाटी, अननसाच्या बारीक फोडी एक वाटी, साखर एक वाटी, तूप अर्धी वाटी, पाणी दोन वाट्या.

फोडींत दोन चमचे साखर घालून त्या मंद आचेवर आठ-दहा मिनिटे शिजवाव्या. दुसऱ्या भांड्यात तुपावर रवा खमंग भाजावा. त्यात कढत पाणी घालून झाकण ठेवावे. रवा फुलला की उरलेली साखर आणि शिजलेल्या फोडी घालाव्या. हलवून एक वाफ आणावी. यात दूध घालू नये. पाण्यानेच शिरा छान होतो.

अननसाचे सासव

सिंधुदुर्गात आणि गोव्यात हा पदार्थ करतात. सासव म्हणजे मोहरी. दोन वाट्या फोडी गूळ आणि मीठ घालून शिजवाव्या. एक वाटी ओले खोबरे आणि दोन-तीन सुक्या मिरच्या वाटाव्या. शेवटी अर्धा चमचा मोहरी घालून दोन-चारदाच वाटावे. मोहरी फार वाटली तर कडवटपणा येतो. हे वाटण फोडींत घालून एक उकळी काढावी. आंबट, गोड आणि तिखट अशी तिन्ही चव येते. भाताबरोबर किंवा भाकरीबरोबर खावे.

शेंडा टाकू नका

शेंड्याची खालची पाने काढून तो दोन दिवस सुकू द्यावा. मग परसात लावावा. पाणी बेताने घालावे. मुळाशी पाणी साचू देऊ नये. फळ यायला दीड-दोन वर्षे किंवा अधिकही लागतात. धीर धरावा.

दोन सूचना

कच्चा हिरवा अननस खाऊ नये. त्याने उलट्या-जुलाब होऊ शकतात. मधुमेह असेल त्यांनी गोड पदार्थ बेताने खावे.

गरोदर बाईने अननसाला शिवूही नये असे पुष्कळ लोक म्हणतात. पण पिकलेल्या अननसाच्या दोन-चार फोडींनी गर्भाला इजा होते, असा पुरावा नाही. शंका असेल तर डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारावे. भीती बाळगत बसू नये.

लक्षात ठेवा

अननस आधी शिजवा, गार करा, मग दुधात घाला.
पदार्थ बिघडला तर आधी कारण शोधा. माणसाला दोष देण्याची घाई करू नका.

प्रश्न

१. बासुंदी कडू का झाली?
२. सुनेने ते कसे दाखवून दिले?
३. पिकलेला अननस कसा ओळखावा?
४. तुमच्या घरी एखादा पदार्थ बिघडला होता का? तेव्हा दोष कोणाला दिला? खरे कारण काय होते? चार ओळी लिहा.