रोजच्या गोळीचा हिशेब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने कर्करोगावर काय लिहावे, असे कोणी म्हणेल. पण या रोगाची एक बाजू आमच्या खतावणीतलीच आहे.

क्रॉनिक मायलॉइड ल्यूकेमिया हा रक्ताचा कर्करोग. १९६० साली त्यात एक आखूड गुणसूत्र आढळले. दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन पेशींना सतत वाढावयास लावणारे प्रथिन तयार होते, हे पुढे कळले. २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले इमॅटिनिब त्याच प्रथिनाला अडवते. काही वर्षांत प्राण घेणारा हा रोग आता बहुतेकांना मधुमेहासारखा सांभाळता येतो.

मात्र गोळी रोज, वर्षानुवर्षे. म्हणजे खर्च एकदाचा नव्हे, आवर्ती! नोव्हार्टिसच्या ग्लिव्हेकला महिन्याला सुमारे १,२०,००० रुपये लागत. भारतीय कंपन्यांचे तेच औषध सुमारे १०,००० रुपयांत मिळे. (नोव्हार्टिस अनेक रुग्णांना ते मोफतही देई, हेही जमेस धरावे.) औषधाच्या नव्या स्फटिकरूपाने गुण वाढतो असे सिद्ध झाले नाही, म्हणून पेटंट कायद्याच्या कलम ३(डी)खाली सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी कंपनीचा दावा फेटाळला.

तरी रोजंदारीवरच्या माणसाला दहा हजारही कोठले? तो गोळी एक दिवसाआड घेतो, डॉक्टरांपासून लपवतो आणि रोग पुन्हा डोके वर काढतो. अशा वेळी “गोळ्या का चुकवल्या?” असे दरडावल्यास तो गप्पच बसेल. “महिन्याचे कसे भागवता?” असे विचारले, तरच खरे उत्तर येण्याचा संभव.